गावकीच्या खोलीतला नवा जीव

"दारात इलेल्याक आधी पाणी दी, मगे नाव इचार. गाव इचारूची घाय करू नको गे कालिंदी. थकलेल्या माणसाक आपलो गाव आठवलो काय घास उतरणा नाय."

सासूबाईंना, आनंदीबाईंना, जाऊन एक तप उलटलं होतं; पण त्यांचं हे सांगणं कालिंदीच्या कानात अजून तसंच ताजं होतं. म्हणूनच तिची लेक रुचा त्या दोघींना घेऊन दारात उभी राहिली, तेव्हा कालिंदीनं पाणी दिलं, नावं विचारली, आणि गाव विचारायचं राहिलं ते राहिलंच. तरणीचं नाव शकीबा. तिच्या सासूला सगळे बीबी म्हणत. गाव काबूल आहे हे कळेपर्यंत चहा होऊन गेला होता, बीबीनं पायांतले मोजे काढून घडी करून ठेवले होते, आणि गावकीच्या खोलीची किल्ली कालिंदीच्या कमरेवरून शकीबाच्या हातात गेली होती.

"चारच दिवस हां, आई," रुचा म्हणाली होती.

रुचा माहीमला निर्वासितांच्या मदत केंद्रात कामाला होती. परदेशातून जीव मुठीत धरून आलेल्यांना इथली बोली शिकवायची, काम बघून द्यायचं, भाड्याचं घर मिळवून द्यायचं आणि माणूस एकदा आपल्या पायावर उभं राहिलं की अलगद हात काढून घ्यायचा, असं ते काम. शकीबाचे कागद जागेवर होते, पोलीस ठाण्यात नोंद होती. अडलं होतं ते घराशी. कॉटन ग्रीनच्या घरमालकाला एकाएकी आठवलं होतं की आपली मुलगी बाळंतपणाला येणार आहे, खोली रिकामी हवी.

"मग बरोबर आहे गं त्याचं," कालिंदी म्हणाली होती. "पहिलटकरणीला जागा नको?"

"आई, त्याला मुलगीच नाहीये. दोन मुलगे आहेत."

चार दिवसांचा महिना झाला.

आता ती खोली म्हणजे काही कालिंदीच्या माहेरची नव्हे. लालबागच्या चाळीतली पहिल्या मजल्यावरची ती खोली आंबेशेत गावाची. गिरण्या धडधडत होत्या तेव्हा गावाकडून पोरगा यायचा तो आधी इथेच. खुंटीला पिशवी अडकवायची, देव रवळनाथाच्या तसबिरीला हात जोडायचे आणि आनंदीबाईंच्या हातची भाकरी खायची. कुणीतरी त्याला साच्यावर चिकटवायचा, कुणी पहिला पगार होईतो सांभाळायचा. याला तेव्हा समाजसेवा वगैरे कुणी म्हणत नसे. 'पोराक लायनीक लावलो' एवढंच म्हणत. पुढे गिरण्या गेल्या, पोरं डोंबिवली-विरारला गेली, खुंट्या तेवढ्या राहिल्या. कालिंदी रोज तिन्हीसांजेला भोईवाड्याहून चालत जाऊन देवापुढे दिवा लावी. आणि रविवारी दुपारी त्याच देवाच्या नजरेखाली गावकीतले पुरुष रमी खेळत.

खरं दुखणं रमीचं होतं. पण रमीचं नाव कोण घेणार? नाव घेतलं जात होतं ते नियमाचं.

नियमाचे राखणदार म्हणजे नाना, कालिंदीचे थोरले दीर शरच्चंद्र. सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले, गावकीचे चिटणीस. नाना आणि धाकटा दौलत, म्हणजे कालिंदीचा नवरा, यांची बिऱ्हाडं एकाच गॅलरीत शेजारी शेजारी. शनिवारचं जेवण नानांकडे, सगळ्यांचं एकत्र. आणि चातुर्मासात कालिंदी मौनानं जेवे. पहिला घास घेतला की आचवेपर्यंत तोंडातून अक्षर नाही. तिचा हा नेम घरच्या पुरुषांना फार मानवला होता. घरातली अवघड बोलणी ते या चार महिन्यांत जेवतानाच उरकून घेत.

त्या शनिवारीही तेच झालं. कालिंदीनं पहिला घास तोंडात घातला न घातला, नाना खाकरले.

"उद्या खोलीची पूजा. सगळी गावकी जमेल. त्या दोघींना काय ते उद्याच सांगून टाकू."

"सांगायलाच हवं," दौलत म्हणाला. "महिना झाला, डाव नाही. गेल्या रविवारी आम्ही बागेत बाकावर बसलो. वाऱ्यानं इस्पिकची राणी उडाली, ती कुत्र्यानं नेली. आता पत्त्यांच्या जोडात राणी नाही."

"काका, डावाचं जाऊ दे," नानांचा मुलगा राजस म्हणाला. "माझी ट्रेडमिल तिथे आहे. एवढी महागाची वस्तू, आणि त्या तिच्यावर टॉवेल सुकवतात."

"तू काय करायचास तिच्यावर?" मीनाक्षी, त्याची आई, आमटी वाढता वाढता म्हणाली.

"मी... मी पण टॉवेलच. पण माझे टॉवेल!"

कालिंदीनं घास भराभरा चावायला सुरुवात केली. ताटातला भात संपला की हात धुवायचे आणि बोलायचं. दौलत तिचा तीस वर्षांच्या संसारातला नवरा. त्याच्या हे लगेच ध्यानात आलं.

"वैनी," तो प्रेमळपणे म्हणाला, "हिला भात वाढा ना अजून. सकाळपासून दमलीये."

मीनाक्षीनं भाबडेपणानं मूद वाढली. अन्न टाकणं कालिंदीच्या नेमात बसत नव्हतं. तिनं नवऱ्याकडे अशी काही नजर टाकली की दुसऱ्या कुणाचा घास घशात अडकला असता; दौलतनं तिसऱ्यांदा ताक मागितलं.

आचवून ती आली तेव्हा नाना आरामखुर्चीत टेकले होते.

"नाना," कालिंदी म्हणाली. तिचा आवाज मुळातच हळू. ऐकायला माणसाला जरा पुढे वाकावं लागे. "बीबीला मी शब्द दिलाय. सुनेच्या हाताला काम मिळेपर्यंत त्या खोलीतून कुणी तुम्हाला ऊठ म्हणणार नाही, असा."

"कुणाला विचारून दिलास?"

"दिवा लावत होते. समोर देव होता."

"मग देवालाच विचार." नानांनी डोळे मिटले. "कालिंदी, मी काय दुष्ट माणूस आहे का? खोली गावच्या पोरांसाठी. उद्या गावचा पोर आला दारात, तर त्याला कुठे घालू?"

"वीस वर्षांत आलाय का एक तरी?"

"नाही आला म्हणून नियम मोडायचा?"

कालिंदी उष्टी ताटं उचलून आत निघाली. केंद्राची भाड्याची मदत महिनाअखेर संपणार होती. रुचानं सात घरं पाहिली होती. परदेशी म्हटलं की सातही घरांतल्या मुली बाळंतपणाला येत होत्या. उद्या नाना 'निघा' म्हणाले की त्या दोघी निघणार होत्या, आणि कुठे निघणार हे रुचालाही ठाऊक नव्हतं. बीबीला तर हिंदीतला एकच शब्द नीट येई, 'बस'. जेवण वाढताना, चहा ओतताना, कुणी पाया पडायला लागलं तरी, 'बस, बस'. तिला आता हे कुणी आणि कसं सांगायचं?

स्वयंपाकघरात मीनाक्षी भांडी लावत होती. पहिल्या दिवशी 'पुरुषांच्या खोलीत बायामाणसं? शोभतं का हे?' म्हणून सगळ्यात मोठ्यांदा ओरडलेली तीच. आज ती गप्प होती. कालिंदीनं निरखून पाहिलं. जाऊबाईंच्या जाडजूड भुवया अशा काही रेखीव झाल्या होत्या, की त्या साठीच्या न वाटता जेमतेम पंचावन्नच्या वाटत होत्या.

"वैनी! तुम्ही शकीबाकडे गेला होता?"

"हळू बोल गो!" मीनाक्षीनं दार लोटलं. "ह्यांना सांगू नको. भाजी आणायला गेले होते, तशीच वर चढले. काय हात आहे गो तिचा! दोरा फिरतो ते कळतसुद्धा नाही. आणि ती म्हातारी, भाषा येत नाही ना काही नाही, माझा हात धरून बसली. जणू मला दाढ काढायला नेलीये."

शकीबाचं काबूलमध्ये पार्लर होतं. नवऱ्या मुली सजवायची. नवे राज्यकर्ते आले आणि त्यांनी बायकांची पार्लरं झाडून बंद केली. तिच्याजवळ आता होती ती एक पेटी, दोऱ्याची रिळं आणि सासू. सासूला ती आपण होऊन बरोबर घेऊन आली होती, ही गोष्ट लालबागच्या चाळीतल्या सुनांना फार नवलाची वाटे आणि सासवांना फार आवडे.

रविवारी खोली भरली. पूजेला बसले होते राजस आणि त्याची आई. नाना सूत्रं हलवत होते. पुरुष आत दाटीवाटीनं, बायका गॅलरीत. नानांनी एकदा गॅलरीकडे पाहिलं आणि जरा थबकले. गावकीतल्या यच्चयावत बायका एकदम तजेलदार दिसत होत्या. त्यांना कारण कळेना. त्यांनी चष्मा पुसला.

शकीबा दाराशी अंग चोरून उभी होती, डोक्यावरून ओढणी घेतलेली. बीबी मात्र आत येऊन थेट तसबिरीसमोर मांडी घालून बसली होती. तिला वाटलं, घरात प्रार्थना आहे. म्हाताऱ्या माणसानं पुढेच बसायचं असतं.

"नाना, ते आधी बोलून घेऊया का?" दौलतनं कानाशी लागून विचारलं. "म्हणजे प्रसादाला मोकळे."

"आधी देवाचं, मग माणसांचं," नाना म्हणाले. "गाऱ्हाणं होऊ दे."

गाऱ्हाणं, म्हणजे सगळ्या गावाच्या वतीनं देवाला घातलेलं साकडं, घालावं तर नानांनीच. बोलायला लागले की कचेरीतले नाना उतरत आणि आत कुणीतरी जुना आंबेशेतकर उभा राही. हे गाऱ्हाणं त्यांच्या वडिलांनी बांधलेलं, गिरणीच्या दिवसांतलं. त्यातला शब्द हलवायचा नाही आणि एकदा सुरू केलं की मध्ये थांबायचं नाही. अर्धं गाऱ्हाणं म्हणजे देवाला दारात उभं करून दार लावण्यासारखं. नानांनी नारळ हातात घेतला, डोळे मिटले.

"बा देवा रवळनाथा, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" खोली गर्जली.

"आमीन," बीबी म्हणाली. तिनं दोन्ही हातांची ओंजळ करून वर धरली होती.

"आज ह्या परक्या मुलखात तुझी लेकरां एका जाग्यार गोळा झाली हत, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आमीन."

"जी काय वाकडीतिकडी सेवा केली, ती गोड मानून घे, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

पुरुषांना लय सापडली होती. नैवेद्याच्या शिऱ्याचा वास सुटला होता, आणि भुकेल्या माणसाचं 'व्हय म्हाराजा' जरा लवकरच येतं. नाना पुढे निघाले.

"आणि जो कोण नवो जीव आज ह्या खोलयेत इलेलो आसा..."

इथे कालिंदीनं झटकन वर पाहिलं. वर्षानुवर्षं ऐकलेलं वाक्य. गेली वीस वर्षं खोलीत नवा जीव म्हणून कुणी नसतानाही नाना ते म्हणत, सगळे हुंकार भरत आणि शिरा खात. त्या वाक्यात काही अर्थ आहे हे ती स्वतःही विसरून गेली होती.

नानांचे डोळे उघडले. समोर, हातभर अंतरावर, बीबी होती. ओंजळ पसरलेली, तोंडाचं बोळकं अर्धवट उघडं, पुढच्या 'आमीन'च्या तयारीत.

नानांचा आवाज गाडी चढावर लागावी तसा जड झाला. पण थांबायचं नाही.

"...तेका... पदरात घे, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा!"

"तेच्या हाताक काम मिळापर्यंत..." नानांनी मदतीसाठी दौलतकडे पाहिलं. दौलत डोळे मिटून देवाला तीन एक्के मागत होता. "...ही खोली तेची, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा!" सगळ्यात मोठा आवाज दौलतचा.

"आणि तेका लायनीक लावची..." नाना घोटभर हवा गिळून म्हणाले, "...लावची जबाबदारी ह्या गाऱ्हाणां घालणाऱ्याची, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा!!"

"आमीन!" बीबी म्हणाली, आणि ओंजळ चेहऱ्यावरून फिरवून तिनं समाधानानं नानांकडे पाहिलं. "बस, बस."

नारळ फुटला. एकाच घावात, सरळ दोन भकलं. गॅलरीतून कुणीतरी "गो बाय माझे!" म्हणालं. मग ट्रेडमिलवरून एक टॉवेल घसरून पडलेला ऐकू आला.

"एक मिनिट," राजस म्हणाला. "बाबा, हे आत्ता काय झालं?"

"काय झालं?" दौलतनं डोळे उघडले.

"काका, तुम्ही आत्ता देवासमोर खोली देऊन टाकलीत."

"मी कुठे? मी फक्त व्हय म्हटलं!"

"सगळ्यांनीच व्हय म्हटलं," मीनाक्षी पाटावरून म्हणाली. तिनं घाईघाईनं तसबिरीला नमस्कार केला, न जाणो कुणी तेवढ्यात शब्द फिरवला तर. "नारळ कसा फुटला ते बघा. देवानं घेतलंन."

"मग दुसरं गाऱ्हाणं घालू," दौलत म्हणाला. "उलटं. नाना, म्हणा की, बाबा, चुकीनं गेलं तोंडातून—"

"देवाक काय अर्ज केलोसा, मागे घेवक?" नाना असे कडाडले की बीबी दचकली. ते पटकन तिच्याकडे वळून म्हणाले, "तुमको नहीं, तुमको नहीं. बैठो."

"पण त्या गावच्या नाहीत!" दौलत म्हणाला.

नाना तसबिरीकडे वळले. हातातल्या नारळाच्या भकलातून पाणी मनगटावर ओघळत होतं. कालिंदीला वाटलं, आता बोलावं. आज तिच्या तोंडात घास नव्हता. पण नानांचा चेहरा पाहून तिला कळलं की आत कुणीतरी आधीच बोलतंय.

"बाबांनी बांधलेलं गाऱ्हाणं आहे," नाना शेवटी म्हणाले. "त्यात गावातून आलेला असं नाही. खोलीत आलेला, असं आहे. मी साठ वर्षं ऐकतोय आणि वीस वर्षं म्हणतोय. आज पहिल्यांदा ऐकलं."

"आणि आमचा डाव?" दौलतचा आवाज अगदीच केविलवाणा झाला.

"आमच्याकडे खेळा की," मीनाक्षी म्हणाली. "माजघर आहे, पंखा आहे. फक्त उठताना आपापल्या चहाची भांडी घासून जायचं."

गॅलरीत हशा पिकला. पुरुषांपैकी कुणी हसलं नाही.

रुचानं शकीबाला हिंदीत सगळं समजावलं. ते समजावणं जरा लांबलं, कारण रवळनाथाचं, नारळाचं आणि रमीचं एकमेकांशी नातं काय, हे तिला नीट सांगता येईना. शकीबाला कळलं तेवढं पुरे झालं. ती पुढे आली आणि नानांसमोर वाकली.

"बाबाजी, शुक्रिया. मैं जल्दी काम पकड़ूँगी. आप पर बोझ नहीं बनूँगी."

"वो ठीक है," नाना म्हणाले. त्यांनी खुर्ची ओढली. "पण मी जामीन. चार लोकांसमोर शब्द टाकायचा तर माल माहीत हवा. तुम क्या काम करता है? दिखाओ."

"बाबाजी, मैं तो लेडीज़ का..."

"दिखाओ!"

शकीबानं रुचाकडे पाहिलं, रुचानं कालिंदीकडे, कालिंदीनं पदर तोंडाला लावला. मग पेटी उघडली. नानांच्या कानांतून गेली कित्येक वर्षं केसांची दोन झुडपं बाहेर आली होती. राजसनं सुचवून, मीनाक्षीनं विनवून ती हललेली नव्हती. शकीबानं दोऱ्याचं एक टोक दातांत धरलं. बीबीनं पुढे सरकून, शिरस्त्याप्रमाणे, नानांचा हात हातात घेतला.

पहिल्या झटक्याला नानांच्या तोंडून "बा रवळनाथा!" एवढंच निघालं.

"व्हय म्हाराजा," दौलत कोपऱ्यातून म्हणाला. आज त्याला मिळालेलं हे एवढंच सुख.

"दुखतंय का हो?" मीनाक्षीनं विचारलं.

"नाही," नाना म्हणाले. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. "काम चोख आहे."

सोमवारी सकाळी कालिंदी गॅलरीतल्या तुळशीला पाणी घालत होती. शेजारचं दार हळूच उघडलं. नाना बाहेर आले; इस्त्रीचा पांढरा शर्ट, केस पाणी लावून चापून बसवलेले.

"कालिंदी," ते कुजबुजले, "नाक्यावर ते बायकांचं दुकान आहे ना, आरसेवालं. ते कधी उघडतं?"

"अकराला. पण नाना, दारावर पाटी आहे. पुरुषांना आत घेत नाहीत."

"वाचलीये. बाहेर उभा राहीन." त्यांनी गॅलरीत दोन्ही बाजूंना पाहून घेतलं. "अकरा म्हणजे सगळा ओळखीचा रस्ता असतो. मालकीण झाडू मारून घ्यायला आधी येत असेल, तेव्हाच गाठतो. काय म्हणू तिला?"

"म्हणा, आमच्या खोलीत एक मुलगी उतरलीये. हाताला गुण आहे."

"मुलगी उतरलीये," नानांनी ओठांतल्या ओठांत म्हणून पाहिलं. "हाताला गुण आहे. आणि ती नाही म्हणाली तर?"

"परळला आणखी दुकानं आहेत."

"किती?"

"पुष्कळ."

नानांनी एक मोठा श्वास घेतला आणि चपला पायांत न घालता हातात घेतल्या.

आतून मीनाक्षीचा आवाज आला, "अहो, न्याहारी न करता एवढ्या सकाळी कु..."

कालिंदी धावत दारात गेली आणि तिनं जाऊबाईंच्या तोंडावर सरळ ओला हात ठेवला. कामाला निघालेल्या माणसाला 'कुठे' विचारू नये. मीनाक्षीनं डोळे मोठे केले, मग जिन्याकडे पाहिलं, आणि तिचे डोळे हळूहळू निवले.

नाना अनवाणी पायांनी, एकेक पायरी दाबत उतरत होते. पहिल्या मजल्यावर कुणाचं तरी दार किरकिरलं तसे ते भिंतीला चिकटून उभे राहिले. दार पुन्हा लागलं. त्यांनी चपला पायांत सरकवल्या आणि नाक्याच्या दिशेनं चालू लागले.